कुत्रं, मांजर आणि घरातलं पोर: एका कॅलेंडरच्या कामाच्या नोंदी

५ सप्टेंबर २०२५

ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका प्राण्यांच्या दवाखान्याचं काम घेतलं. डॉक्टरबाईंना पुढच्या वर्षासाठी भिंतीवरचं कॅलेंडर हवंय. बारा पानं, प्रत्येक पानावर त्यांच्याकडे येणारं एखादं जनावर आणि त्याच घरातलं लहान मूल. मुलं सहा वर्षांच्या आतली. त्यातले निवडक फोटो मोठे करून वेटिंग रूममध्येही लागतील. पैसे ठरले, अर्धे आगाऊ मिळाले. घरं त्या सुचवणार, बघून-भेटून पक्की मी करणार.

बाईंची अट एकच, पण ती त्यांनी कागदावर लिहून घेतली: मिठी मारलेला, पाठीवर बसलेला, तोंडाला तोंड लावलेला फोटो चालणार नाही. "असा फोटो माझ्या भिंतीवर लागला की माणसं घरी जाऊन तेच करणार," म्हणाल्या. लहान मुलांना बसणारे कितीतरी चावे घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्याचे असतात, आणि ते बहुतेक चेहऱ्यावर, मानेवर बसतात. पोराचं तोंडच कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला. मला पटलं. धंद्याच्या बाजूनं बघायचं तर पंचाईत आहे, कारण आईबापांना हवा असतो तो नेमका मिठीचाच फोटो.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी झाली. तलावपाळीपासून ते आमच्या नौपाड्याच्या गल्लीपर्यंत ढोल, ताशे, फटाके. कुत्री अजून पलंगाखालीच आहेत, त्यामुळे हा आठवडाभर कॅमेरा काढायचा नाही. नुसत्या भेटी. कॅमेरा न नेता एकदा जाऊन बसलं की निम्मं काम होतं असं माझं मत आहे. जनावराला माझा वास कळतो आणि मला घरातला उजेड कळतो.

भेटीत विचारायचं ते वहीत लिहून ठेवलं. रेबीजची लस कधी दिली. खाताना कुणी जवळ गेलं तर काय करतं. झोपायची जागा कुठली. पोर झोपतं कधी, चिडचिडं होतं कधी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्याला कंटाळा आला की ते उठून जातं कुठे? या शेवटच्या प्रश्नाला ज्या घरात उत्तर मिळत नाही, तिथे फोटो काढायचा नाही असं ठरवलंय.

संमतीपत्रावर आई आणि वडील दोघांच्या सह्या. फोटोत सोसायटीची पाटी, शाळेचा बिल्ला, दारावरचं आडनाव दिसणार नाही हेही त्यात लिहून दिलं.

१३ सप्टेंबर, वर्तकनगर

ब्रूनो, पिवळा लॅब्रॅडॉर, सहा वर्षांचा. पोरगी अडीच वर्षांची. घरात आई, बाबा, आजी. पूर्वेची मोठी खिडकी, सकाळी साडेआठ. पोरीचं पोट भरलेलं, ब्रूनो फिरून आलेला. ट्यूबलाइट बंद करायला लावली, खिडकीपासून हातभर सोडून सतरंजी घातली आणि मी सरळ जमिनीवर पालथी पडले. ब्रूनोची गादी मात्र हलवू दिली नाही. गादी त्याची जागा, तिथे पोरीला बसवायचं नाही आणि तिथून त्याला ओढूनही आणायचं नाही.

थोड्या वेळानं बाबा म्हणालेच, "मॅडम, एक गळ्यात हात टाकलेला घ्या ना. तो काही करत नाही."

आजींनी जोड दिली, "अहो, ही त्याचे कान ओढते तरी गप्प बसतो. गुणी आहे फार."

मी काही बोलायच्या आत पोरगीच उठली आणि जाऊन त्याच्या गळ्यात पडली. आईनं लगेच हळूच तिला मागे घेतलं. तेवढ्या वेळात मी बटण दाबून ठेवलेलं होतं, सलग फ्रेम आल्या होत्या. आजींना शेजारी बसवून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्या एकेक करून दाखवल्या. मिठीच्या आधी ब्रूनोचं तोंड उघडं, जीभ बाहेर, कान सैल. हात पडल्याबरोबर तोंड मिटलं. पुढच्या फ्रेममध्ये जीभ नाकावरून फिरली. मग मान दुसरीकडे वळली, पण डोळे पोरीवरच, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरं चंद्रकोरीसारखं दिसायला लागलं. शेवटच्या फ्रेममध्ये मोठी जांभई. झोप आलेली नव्हती, आताच उठला होता.

आजी चष्मा लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी आंघोळ घालते तेव्हा अगदी अस्संच तोंड करतो मेला."

याहून चांगलं मला समजावता आलं नसतं. कुत्रं गुरगुरायच्या कितीतरी आधी अशा बारीक खुणा करतं: जीभ फिरवणं, जांभई, मान वळवणं, अंग ताठ करणं, एक पंजा उचलून धरणं. त्या कुणी वाचल्या नाहीत की मग गुरगुरतं. आणि गुरगुरल्यावर ओरडा खाल्ला की पुढच्या वेळी गुरगुरणं गाळून सरळ दात लावतं. म्हणून "गप्प बसतो" या कौतुकाची मला भीतीच वाटते. लहान मुलांकडून तर हे वाचलं जाण्याची आशाच नको. दात विचकलेल्या कुत्र्याचा चेहरा पोरांना हसरा वाटतो, यावर अभ्यास झालेला आहे.

पुढचं काम सोपं झालं. पोरीला तिच्या भातुकलीतली वाटी आणि चमचा दिला. ती ब्रूनोसाठी भात करायला बसली. बाबा दिवाणावर, ब्रूनोची लांब दोरी हातात सैल सोडून. कुणी हाक मारायची नाही असं सांगून ठेवलं होतं. ब्रूनो गादीवरून उठला, आला, सतरंजीच्या काठावर हनुवटी टेकून आडवा झाला. पोरीनं रिकामी वाटी पुढे केली, "गलम आहे हं, फुंकून खा." जुलैच्या पानाचा फोटो तो. दोघांत हातभर अंतर आहे आणि दोघं एकमेकांकडे बघताहेत.

मध्ये एकदा काम थांबवावं लागलं. आईनं पोरीला खाऊ म्हणून बदाम-मनुक्यांची वाटी दिली आणि मनुके सतरंजीवर सांडले. मनुके आणि द्राक्षं कुत्र्याला विषारी, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे या घरात माहीत नव्हतं. चॉकलेटचं माहीत होतं. सगळे गुडघ्यांवर बसून मनुके वेचत होते आणि ब्रूनोला वाटलं खेळ चाललाय.

१४ सप्टेंबर

निवड करायला बसले. मिठीच्या फ्रेम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. कॅलेंडरसाठी नाहीत, पुढच्या घरात आजी-आजोबांना दाखवायला. घरच्यांना विचारूनच.

तांत्रिक बाजू एकदा लिहून ठेवते. दोन चेहरे असलेल्या फोटोला लेन्सचं भोक मोठं करून, म्हणजे उघडं अॅपर्चर चालत नाही. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिमी लेन्स, दीड मीटर अंतर: एफ १.८ ला (आकडा लहान तेवढं भोक मोठं) स्पष्टतेची खोली, म्हणजे मागेपुढे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर, जेमतेम १० सेंटिमीटर मिळते. लॅब्रॅडॉरच्या डोळ्यापासून नाकापर्यंतच तेवढी जाते, पोरीसाठी काही उरतच नाही. एफ ५.६ ला ३० सेंटिमीटरच्या आसपास मिळतात. तेवढ्यात काम भागतं, फक्त दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर यायला हवेत. म्हणून पोर आणि जनावर मागेपुढे न घेता शेजारी-शेजारी घेते. शटर १/२५० सेकंदाच्या खाली, म्हणजे त्याहून सावकाश, नेत नाही, शेपूट हलायला लागली तर १/५००. त्यासाठी आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२०० झाला तरी चालेल. दाणे छपाईत कळत नाहीत, हललेला चेहरा कळतो.

डोळा शोधून फोकस धरणारी सोय माणसासाठी वेगळी आणि प्राण्यासाठी वेगळी लावावी लागते, निदान माझ्या कॅमेऱ्यात. मी माणसावर ठेवते. कुत्रं एका जागी पडलं की पडलं, पोर कधीच नाही.

२० सप्टेंबर, कासारवडवली

घोडबंदर रोडच्या कामाबद्दल काय लिहायचं. वाहतुकीत इतका वेळ गेला की पोहोचेपर्यंत बाळाची झोपायची वेळ झाली. ते उठेपर्यंत चहा.

उंच टॉवरमधलं घर, बाल्कनीला जाळी. मांजर असलेल्या घरात हे मी आधी बघते. बाळ आठ महिन्यांचं, नुकतं रांगायला लागलेलं. मांजर देशी, करडी, पट्टेवाली, नाव चिमी. चिमी कपाटावर.

मांजराच्या बाबतीत माझा एकच नियम, बोलवायचं नाही. बाळाला जमिनीवर दुपट्यावर ठेवलं, आई शेजारी हाताच्या अंतरात, आणि चिमीला कपाटावरून उतरायला आणि परत चढायला वाट मोकळी. खुर्ची त्या वाटेत होती ती सरकवली. मांजर वर पळून जाऊ शकतं म्हणूनच खाली यायला तयार होतं.

इथे उजेडानं छळलं. उत्तरेची खिडकी, बाहेर ढग, आत भिंतभर एलईडीच्या पट्ट्या. कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवायचा म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं. मांजराला माणसापेक्षा कितीतरी वरचे आवाज ऐकू येतात, ६० किलोहर्ट्झच्याही पुढचे, आणि शटरच्या खटक्याला चिमीचे कान दर वेळी वळत होते. पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीनं वाचतं. परिणाम, बाळाच्या कपाळावर आडवे काळसर पट्टे. १/१०० वर पट्टे जातात पण बाळाचे हात पुसट होतात. शेवटी सगळे दिवे बंद. खिडकीच्या समोरच्या बाजूला बाळाच्या बाबांना पांढरी चादर धरून उभं केलं. चादरीवरून परतलेला उजेड बाळाच्या सावलीतल्या गालावर पडला आणि काम झालं.

फ्लॅश बाहेर काढतच नाही. जनावर दचकतं ते एक. दुसरं म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, टॅपेटम म्हणतात त्याला. समोरून फ्लॅश मारला की डोळे हिरवे-पिवळे पेटतात. आपल्याला तो थर नाही, म्हणून आपले लाल येतात. एका फोटोत दोन्ही रंगांचे डोळे दुरुस्त करणं म्हणजे संध्याकाळ गेली.

चिमी आली, आपल्या मर्जीनं. बाळाच्या पायाच्या अंगठ्याचा वास घेतला. बाळ खळखळून हसलं, चिमी वर गेली. सगळं मिळून चहाचा घोट घ्यायला लागेल तेवढा वेळ. फोटो आहे.

२१ सप्टेंबर, चरई

डॉक्टरबाईंनी सुचवलेलं घर नाही, ओळखीतून आलं. "आमच्या नातवाचा मिठूबरोबर घ्या." पिंजऱ्यात आपला नेहमीचा हिरवा पोपट, गळ्यात लाल रेघ.

हा फोटो काढला नाही. आपल्याकडचे रानातले पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळंच बेकायदा. काका म्हणाले, "अहो, ठाण्यात घरटी एक मिठू होता आमच्या लहानपणी." खरं आहे, माझ्याही आजोळी होता. तरी दवाखान्याच्या कॅलेंडरवर तो छापून चालणार नाही. वनखात्याशी किंवा पक्ष्यांचं काम करणाऱ्या संस्थेशी बोला, असा उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर जगता येत नाही, एवढं सांगून निघाले. काकू जरा रागावल्याच.

पाठीवर ताऱ्यासारखी नक्षी असलेल्या देशी कासवाचंही तेच. परदेशी, कानाशी लाल पट्टा असलेलं पाणकासव एका घरात आहे, पण तिथे वेगळी अडचण. त्यांच्या अंगावर, पाण्यात साल्मोनेला हा आजारी पाडणारा जंतू असू शकतो आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांनी ती हाताळूच नयेत असं सांगितलं जातं. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती यामुळेच. पोर टाकीच्या काचेबाहेर, कासव आत, असा एक घेता येईल. काचेला कॅमेऱ्याचं नाक टेकवायचं म्हणजे माझंच प्रतिबिंब येणार नाही.

२७ सप्टेंबर, कळवा

दिवसभर पाऊस. चाळीतलं घर, एक खोली आणि मागे मोरी. काळू, रस्त्यावरून आणलेला देशी, तीन पायांचा, कोळशासारखा. पोरगा चार वर्षांचा आणि अखंड बोलणारा.

काळं कुत्रं आणि गव्हाळ पोर म्हणजे उजेडाच्या मापनाची परीक्षा. कॅमेऱ्याचं मीटर समोर येईल ते सरासरी करड्यावर आणायला बघतं. काळूनं फ्रेम भरली की ते उजेड वाढवतं आणि पोराचा गाल पांढराफटक पडतो. म्हणून मॅन्युअल; मापन पोराच्या गालावरून, आणि काळूला उजेड बाजूनं. काळे केस समोरच्या उजेडात नुसता खड्डा दिसतात, बाजूच्या उजेडात चमकतात आणि अंगाचा आकार कळतो. दार उघडं ठेवून दोघांना उंबऱ्याच्या आत बसवलं. गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोलचा तुकडा (२०१८ च्या बंदीच्या आधीचा, जपून वापरते) खालून धरला, काळूच्या डोळ्यात दोन ठिपके आले. ते ठिपके नसते तर डोळे कुठे आहेत तेच कळलं नसतं.

पोराला कामाला लावलं: काळूला गोष्ट सांग. त्यानं काळूला सांगितलं की पाय कसा गेला. गाडी, रिक्षा, डॉक्टर, इंजेक्शन, सगळं हातवारे करून. काळूनं बहुतेक वेळ पावसाकडे बघितलं. शेजारच्या दोन पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना मी आत येऊ दिलं नाही. घरच्या पोराला ओळखतो म्हणून काळू सगळ्या पोरांना ओळखतो असं नाही, आणि दार हीच त्याची बाहेर जायची वाट होती.

आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम हे. डॉक्टरबाईंना तीन पायांचं कुत्रं जानेवारीत नको असेल तर भांडायची तयारी आहे.

२८ सप्टेंबर

भांडावं लागलं नाही. त्यांनी काळूला सप्टेंबर दिला, कारण आजची तारीख. २८ सप्टेंबर जागतिक रेबीज दिवस; लुई पाश्चरचा स्मृतिदिन. पाश्चरनं ही लस माणसाला पहिल्यांदा टोचली ती ६ जुलै १८८५ ला, कुत्रं चावलेल्या नऊ वर्षांच्या पोराला. ते पोर वाचलं. आजही रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि लागण बहुतेक सगळी कुत्र्याच्या चाव्यातून.

पानाच्या तळाशी मजकूर दोन ओळींत बसवायचा होता. बाईंचा पहिला मसुदा सरकारी परिपत्रकासारखा होता. घासून घासून हे झालं: "चावलं, ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद-चुना लावू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा." घरचं कुत्रं असलं तरी, हे शब्द मी घालायला लावले. तीन ओळी झाल्या. चालेल.

५ ऑक्टोबर, उपवन

एक तरी फोटो बाहेरचा हवा म्हणून सकाळी तलावाकाठी. जमलं नाही. तिथल्या कुत्र्यांच्या हद्दीत आमचा बीगल गेला आणि सभा भरली. बीगलच्या घरचे म्हणाले वर येऊरला जाऊ. ते तर नाहीच. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, तिथे कुत्रं न्यायचं नाही, आणि बिबट्याला कुत्रं म्हणजे नाश्ता. शेवटी त्यांच्याच सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उरकलं. लिफ्टमध्ये कुत्रं नको म्हणून वॉचमनदादा अडून बसले होते. सोसायटीला तशी बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाचं पत्रक आहे, पण सकाळी सात वाजता वॉचमनशी कायदा बोलण्यापेक्षा जिना बरा.

१७ ऑक्टोबर, वसुबारस, बाळकुम

डॉक्टरबाईंच्या ओळखीतला गोठा. गाय, वासरू, आणि पाच वर्षांची नात परकर-पोलक्यात. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात जाते. हे पान नोव्हेंबरचं.

वासराजवळ पोर घेताना नजर वासरावर नाही, गाईवर ठेवायची. आजोबांना हे सांगावं लागलं नाही, त्यांनी आधीच गाईचं दावं आखूड केलं होतं आणि स्वतः तिच्या मानेशी उभे होते. नातीनं वासराला दुरूनच ओवाळलं. आजोबा फ्रेममध्ये येतात; राहू दिले. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात पोर हलू नये म्हणून आईला कापडाखाली झाकून तिच्या मांडीवर पोर बसवायचे, फोटोत कापड तेवढं दिसायचं. मी दोरी पुसून टाकते, पण धरणारा माणूस शक्यतो पुसत नाही. मोठं माणूस शेजारी आहे हे दिसलेलं बरं.

२४ ऑक्टोबर

वर्तकनगरच्या बाबांचा फोन. कॅलेंडरचं ठीक आहे, पण हॉलमध्ये लावायला तो गळ्यात हात टाकलेला मिळेल का? देणार नाही म्हटलं. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, वाटीचा मोठा करून मिळेल का. १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, फाइल त्याहून मोठी आहे. मिळेल.

प्रेसकडून पहिलं प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, आलं. चिमीचं पान छान, जुलै छान, गाईच्या कपाळावरचं कुंकू थोडं नारिंगी. काळू पार काळा पडलाय, बाजूच्या उजेडातले केस शाईत बुडाले. सावल्या उचलून फाइल परत पाठवली, आणि मॅट कागदाऐवजी त्या कामासाठी कोटेड कागद किती महाग पडेल ते विचारलंय. सोमवारी दर येईल. उरलेले अर्धे पैसे दुसऱ्या प्रूफनंतर.